प्रोफेसर एमेरिटस

वनस्पतिशास्त्राचे विभागप्रमुख गजानन धारवाडकर निवृत्त झाले, पण खुर्चीतून काही उठेनात. महाविद्यालयानं त्यांना 'प्रोफेसर एमेरिटस' हा किताब दिला होता. सरांनी त्याची पितळी पाटी घडवून आणली आणि प्रमुखांच्याच दारावर ठोकली. नव्या प्रमुख नीलांबरीबाई खोत मात्र कोपऱ्यातल्या स्टुलावर बसत. ज्यांच्या हाताखाली शिकलो, त्यांना उठा कसं म्हणायचं, हा संकोच त्यांना खात होता.

अखेर एकदा भरल्या बैठकीत सरांनी विद्यार्थ्यांची आंबोलीची अभ्याससहल परस्पर रद्द करून टाकली.

"सर, तिला मी मंजुरी दिली आहे," बाई म्हणाल्या.

"मी एमेरिटस आहे!" सर गरजले. "लॅटिन शब्द आहे. अर्थ तरी ठाऊक आहे का तुम्हाला?"

नीलांबरीबाई उठल्या. त्यांनी सरांना वाकून नमस्कार केला आणि शांतपणे म्हणाल्या, "ठाऊक आहे, सर. मान कायम राहतो, खुर्ची राहत नाही."

बैठकीत खसखस पिकली. सर लालबुंद होऊन उठले, आणि बाई खुर्चीत बसल्या.

सहल ठरल्याप्रमाणे निघाली. गाडीला हिरवा झेंडा दाखवायचा मान मात्र बाईंनी आग्रहानं सरांनाच दिला.