मागे न जाणारं बटण

खडकगडच्या महाराजांनी आपल्या ॲपमधलं 'मागे' हे बटण काढून टाकायचा हुकूम दिला आणि तिसऱ्या दिवसापर्यंत अर्धं राज्य सेटिंग्जमध्ये अडकून पडलं.

हुकुमाला कारण होतं. ते ॲप प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असायलाच हवं, असा कायदा होता. त्यात एकशे अठरा सेटिंग्ज होत्या, एकात एक बसवलेल्या डब्यांसारख्या. 'सूचना' दाबलं की आत 'नगारा', 'नगारा' दाबलं की आत 'आवाज', आणि त्याच्या आत 'लहान' नि 'मोठा'. जेवणानंतर जरा पाठ टेकावी तर मोबाइलमध्ये सूचनेचा नगारा वाजतो, म्हणून महाराज प्रतापधवल स्वतः त्यात शिरले. आवाज लहान केला, बाहेर पडायला कोपऱ्यात पाहिलं, तर तिथे लिहिलेलं, 'मागे'.

"आमच्या सात पिढ्यांत कोणी मागे गेलेलं नाही," महाराज म्हणाले, "आणि आम्ही नगाऱ्यापायी जावं?"

बटण गेलं. आता आत जायला वाट होती, बाहेर यायला नव्हती. ॲप बंद करून पुन्हा उघडावं, तर तेच पान समोर, कारण प्रजेने हातातलं काम अर्धवट सोडू नये असा महाराजांचाच आधीचा हुकूम होता. सेनापती 'पडद्याचा रंग' या पानावर तीन दिवस होते. सरहद्दीवरचे निरोप त्यांना दिसत नव्हते, रंग मात्र त्यांनी फार विचारपूर्वक निवडला.

प्रधानांनी आपल्या परीने खटपट केली. 'परत' लिहावं म्हणाले, तर हरलेलं सैन्य परततं, असं उत्तर मिळालं. 'बाहेर' सुचवलं, तर तो शब्द हद्दपारीचा निघाला. डावीकडे तोंड केलेला बाण दाखवला, तो महाराजांना पळताना दिसला. शेवटी सगळ्या एकशे अठरा सेटिंग्ज एकाच पानावर मांडल्या. नगाऱ्यापर्यंत पोचता पोचता महाराजांचा अंगठा सुजला आणि राजवैद्यांना लेप घेऊन यावं लागलं.

मग मैनेला बोलावणं गेलं. मैना कुंभाराची मुलगी, आणि हे ॲप तिनेच बांधलेलं. आपण केलेल्या कामात माणसं अशी कोंडली गेली, याचा तिला मनापासून राग आला होता. पण राजापुढे राग धरून कोणाचं भलं होत नाही, म्हणून ती हात जोडून उभी राहिली.

"माणूस आत जाईल, एकेक पान ओलांडून बाहेर येईल, पण मागे जाणार नाही," महाराजांनी फर्मावलं. "आठ दिवसांत कर. नाही जमलं, तर आमच्या कोठारात एकाच्या आत एक अशा सात खोल्या आहेत. सातवीत बसून विचार कर. मागे न येता बाहेर यायची युक्ती सुचली, की ये."

बापाबरोबर रांजण पोचवायला मैना लहानपणी त्या कोठारात गेली होती. सातव्या खोलीला खिडकी नव्हती. ती घरी गेली, सात दिवस ॲप उघडून बसली, आणि आठव्या दिवशी दुपारी दरबारात हजर झाली.

महाराज नुकतेच आईसाहेबांच्या महालातून आले होते. गंमत बघायला आईसाहेबही मागोमाग येऊन पडद्याआड बसल्या. महाराजांनी ॲप उघडलं. 'सूचना', 'नगारा', 'आवाज'. तीन पानं आत गेले, थांबले. कोपऱ्यात एकच शब्द होता, 'येतो'. त्यांनी तो दाबला. एक पान सुटलं. पुन्हा दाबला, आणखी एक सुटलं. तिसऱ्यांदा दाबला आणि ते सुखरूप पहिल्या पानावर आले.

"हे मागे जाणंच झालं," महाराज म्हणाले. "तू नुसतं नाव बदललंस."

प्रधानांनी मान खाली घातली. कोठाराची किल्ली त्यांच्याकडेच होती.

"महाराज, मघाशी आईसाहेबांच्या महालातून निघताना आपण काय म्हणालात?" मैनेने विचारलं.

"येतो म्हणालो."

"जातो का नाही म्हणालात?"

"घरातून निघताना जातो म्हणतं का कोणी? अभद्र बोलणं ते."

"म्हणजे आपण मागे गेला नाहीत."

"मुळीच नाही. आम्ही आईसाहेबांचा निरोप घेतला."

"प्रजाही सेटिंग्जचा निरोपच घेते आहे, महाराज."

पडद्याआडून हसू ऐकू आलं. महाराज मात्र हट्टाला पेटलेले. ते म्हणाले, "येतो म्हटलं की पुन्हा यावं लागतं. या राज्यात दिलेला शब्द पाळतात. प्रजा कशाला पुन्हा येईल तिथे?"

"येईल, महाराज. ज्याने आवाज लहान केला, तो चार दिवसांनी ऐकू येत नाही म्हणून मोठा करायला येतोच."

महाराजांनी हातातल्या मोबाइलकडे पाहिलं. आत्ता तीन पानं आत जाऊन आपण नेमकं काय करून आलो, हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं. तेवढ्यात त्याच मोबाइलमधून दुपारचा नगारा झडला, इतका मोठा की प्रधानांच्या हातातली किल्ली खाली पडली.

महाराज आधी ओशाळले, मग हसले, आणि हसता हसता सिंहासनाला टेकले. हसू आवरल्यावर आईसाहेबांनी आतून विचारलं, आम्ही काय म्हणायचं? त्यांच्या मोबाइलवर 'येते' लिहिलं आहे, असं मैनेने सांगितलं. त्यावर महाराजांनी मनगटातलं सोन्याचं कडं काढून तिला दिलं. मैनेने ते हातात चढवलं, मुजरा केला आणि येते म्हणून घरी गेली.