खाजणातलं करंजाचं बी

खाडीकाठी अजून एकही झाड नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. करंजाचं एक बी भरतीबरोबर वाहत आलं आणि खाजणाच्या खाऱ्या चिखलात रुतलं. त्यानं मूळ बाहेर काढलं आणि ते कळवळलं, "आई गं! किती खारट माती! माझं मूळ करपतंय!"

शेजारची खेकडीण म्हणाली, "थांब बाळा, मी आहे ना!" तिनं बियाभोवती बिळंच बिळं खणली. भरतीचं पाणी त्यांत शिरलं आणि ओहोटीला मातीत साचलेलं मीठ धुऊन घेऊन गेलं.

बियानं उरल्यासुरल्या बळानं पुन्हा मूळ काढलं. या वेळी ते तगलं. कोवळी पानं फुटली, तशी खेकडीण आनंदानं तिरकी तिरकी नाचली.

मग म्हणाली, "मोठं झालंस की मला सोडून जाशील."

रोपटं खुदकन हसलं. "मावशी, मी झाड आहे! मी कुठं जाणार?"