आंब्याच्या गळ्यातला वड

झाडं अजून माणसांशी बोलायची, तेव्हाची ही गोष्ट. आता का बोलत नाहीत, ते शेवटी कळेल. तोवर गप्प बसून ऐका.

एका गावात सगुणा नावाची बाई राहायची. तिच्या दारात एक रायवळ आंबा होता. नवरा अंथरुणाला खिळलेला, त्यामुळे त्याच्या कैऱ्यांचं लोणचं आणि वाळवलेल्या रसाची साठं विकून ती घर चालवायची. घरात मिळवतं कोणी असेल तर तो आंबाच.

एकदा एक धनेश पक्षी आंब्याच्या बेचक्यात शिटला आणि उडून गेला. पावसाळ्यात तिथे वडाचं इवलं रोप उगवलं.

"सगुणे, एवढं उपटून टाक गं," आंबा म्हणाला. "आज दोन बोटांचं काम आहे."

सगुणा शिडी लावून चढली. शेजारणी खालून ओरडल्या, "वडाला हात लावतेस? नवरा आजारी, आणि तूच त्याच्या मुळावर उठलीस?"

सगुणा घाबरून खाली उतरली.

गावात तोवर वडच नव्हता. वटपौर्णिमेला बायकांना नदीपलीकडे जावं लागायचं. आता दारातच सोय झाली म्हणून सगळ्या खूश. दर वर्षी त्या आंब्याभोवती सूत गुंडाळायच्या, वडाच्या खाली उतरणाऱ्या मुळांना पाणी घालायच्या.

"सगुणे, श्वास घेववत नाही गं," आंबा म्हणायचा.

"पुढच्या वर्षी बघू," ती म्हणायची.

मग आंबा बोलेनासा झाला. तिला वाटलं, सवय झाली असेल. काय म्हणावं या बाईला.

नवरा तर कधीच गेला. सगुणाचे केस पिकले. दर वर्षी कैऱ्या कमी होत गेल्या, आणि एका वैशाखात एकही लागली नाही. तेव्हा तिने मुळांच्या फटीतून हात घातला, खोड चाचपायला. हात खांद्यापर्यंत आत गेला. आत खोड नव्हतंच. मूठभर भुसा तेवढा हाताला लागला.

तिने तो भुसा वडापुढे धरला.

"तू माझा आंबा खाल्लास," सगुणा वडाला म्हणाली.

वड शांतपणे म्हणाला, "मी तर इवलासा होतो, बाई. सूत तुम्ही गुंडाळलंत, पाणी तुम्ही घातलंत. त्याची हाक तुला रोज ऐकू येत होती. मला वाटलं, तुझी ना नाही."

त्या दिवसापासून झाडांनी माणसांशी बोलणं टाकलं. बोलून उपयोग काय?

लहानथोरांनो, ज्याला हात जोडायचे, तो कोणाच्या गळ्यावर पाय देऊन उभा आहे, ते आधी बघावं.