शमीवनाचे मौन

त्रेतायुगाच्या आरंभी, वेत्रिणी नदीच्या तीरावरील शमीवनात, दृढकेतू नावाच्या तपस्व्याची पत्नी विभावती हिने पर्णकुटीत पहिली चूल पेटवली, त्या दिवशी ओंजळीत पाणी घेऊन एक नेम धरला होता : आपल्या दारी जो वाकेल त्याला आधी आशीर्वाद द्यायचा, नाव, गाव, काम सगळे मागाहून विचारायचे. पतीनेही तो आनंदाने अंगीकारला. चाळीस वर्षे नेम निर्विघ्न चालला. आणि अशा निर्मळ नेमानेच एके दिवशी त्या दोघांना कोंडीत धरावे, याला दैवगती नाही तर काय म्हणायचे!

हा दृढकेतू काही जन्माचा ऋषी नव्हे. तारुण्यात तो मुष्टियुद्धातला अजिंक्य वीर होता. त्याची मूठ बसली की मत्त गजाचेही गुडघे टेकत. वृद्ध राजाने प्रसन्न होऊन त्याला वचन दिले होते, "जोवर तू अजिंक्य आहेस, तोवर शमीवनात कोणी धनुष्याला प्रत्यंचा चढवणार नाही." त्या एका वचनाच्या बळावर हरिणी कुटीच्या अंगणात येऊन विभावतीच्या सुपातले दाणे खात, आणि मोर यज्ञवेदीवर बसून पिसे विंचरत. पण वृद्ध राजा गेला, आणि त्याचा मृगयाव्यसनी पुत्र दुर्मर्ष सिंहासनावर आला. पित्याचे वचन मोडणे त्याला शक्य नव्हते. दृढकेतूला मोडणे शक्य होते.

एका प्रभाती पर्वतप्राय देहाचा एक तरुण दारी आला आणि थेट दृढकेतूच्या पायांवर डोके ठेवता झाला.

"विजयी भव!" दृढकेतू नेमाप्रमाणे म्हणाला.

तरुणाने हात जोडले. "तात, मी उग्रसत्त्व, राजा दुर्मर्षाचा मुष्टियोद्धा. ज्याच्याशी झुंजायचे त्याला आधी वंदन करावे, हा माझ्या आईचा संस्कार. उद्या सूर्योदयी आपणाला आव्हान आहे."

विभावतीच्या हातचे सूप खाली पडले. तो गेल्यावर ती कपाळावर हात मारून म्हणाली, "एवढा वाकला तेव्हाच ओळखायला हवे होते! कामावाचून आजकालची पोरे कमरेत वाकतात का?"

"पोर खोटे नाही, देवी," दृढकेतू शांतपणे म्हणाला, "आणि माझा शब्दही खोटा असू नये."

यातला पेच तिला कळला. तपस्व्याचा आशीर्वाद खोटा ठरला की त्याच क्षणी त्याची वाणी लोपते. चाळीस वर्षांचा जप, वेदपाठ, सगळे कंठातच विझते. शब्द खरा ठेवावा तर हरायला हवे, आणि हरावे तर दुसऱ्या दिवशी राजाचे व्याध वनात शिरणार. आव्हान नाकारणे म्हणजेही पराभवच. जिकडे वळावे तिकडे भिंत! ती दिवसभर त्या भिंतींना हात लावून फिरत राहिली, पण दार काही सापडेना.

सूर्योदयी वेत्रिणीच्या वाळूत रिंगण आखले गेले. दुर्मर्ष हत्तीवरून हसत म्हणाला, "ऋषिवर्य, दाढी आवरून घ्या, मुठीत अडकेल!"

"राजा, तू हत्ती आवर," दृढकेतू म्हणाला, "गडगडाट झाला की तो बुजतो."

मग मेघांवर मेघ आदळावेत तशा मुठी आदळू लागल्या. उग्रसत्त्वाचा वेग प्रलयवायूचा, पण प्रत्येक घावाआधी त्याची उजवी टाच तिळभर उचले, आणि ती उचलली की म्हातारा तिथे नसेच. जमलेले लोक थक्क झाले. विभावतीला मात्र वेगळेच दिसत होते. तीनदा तरुणाची छाती उघडी पडली, आणि तीनदा पतीची मूठ छातीजवळ जाऊन थांबली. त्याला जिंकता येत होते. तो स्वतःच्या शब्दाला मारू शकत नव्हता, एवढेच. श्वास मात्र आता फुलत चालला होता. चौथ्यांदा मूठ थांबली तेव्हा उग्रसत्त्वाचा घाव म्हाताऱ्याच्या खांद्यावर बसला, आणि तो एका गुडघ्यावर आला.

तेव्हा विभावती धावत नदीत उतरली. तिने ओंजळ भरून घेतली.

"स्वामी, नेम माझा होता!" ती आक्रंदली. "तो आशीर्वाद खोटा ठरल्याचा दोष अर्धांगी म्हणून मी माझ्या माथी घेते. हे पाणी सोडले! आता मारा!"

ओंजळ रिती झाली. तिचे ते शेवटचे शब्द होते. दृढकेतू उठला, तरुणाची टाच उचलली गेली, आणि पुढल्याच क्षणी उग्रसत्त्व वाळूत उताणा पडला होता. जयजयकार झाला. विभावतीने ओठ उघडले. आवाज नव्हता.

उग्रसत्त्व कसाबसा उठून तिच्यापुढे बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. "माते, यापेक्षा मी मेलो असतो तर बरे झाले असते!" तिने त्याच्या दंडावरली वाळू पदराने पुसली.

एवढ्यात वेत्रिणीचे पाणी शुभ्र झाले, आणि कुंदधवला, वीणाधारिणी वाग्देवी लाटांवर प्रकटली. "मुली, दुसऱ्याची वाणी राखण्यासाठी तू आपली दिलीस. एक वर माग. बोलता येत नसेल तर खुणेने माग."

विभावतीचा हात कंठाकडे निघाला. सगळ्यांनी पाहिले, तो अर्ध्या वाटेवर गेलाही होता. मग तिला नवऱ्याचा पांढरा माथा दिसला. आज तो जिंकला. उद्या दुसरा तरुण येईल, परवा तिसरा. म्हातारपण कोणत्या वराने हटते? हात वळला, आणि तिने बोट दाखवले ते शमीवनाकडे.

देवीचे डोळे भरून आले. "तथास्तु. कोणी जिंको, कोणी हरो, या वनात यापुढे प्रत्यंचा चढणार नाही." तत्क्षणी राजाबरोबर आलेल्या व्याधांच्या धनुष्यांच्या दोऱ्या गळून पडल्या, आणि दुर्मर्ष मान खाली घालून परतला.

तेव्हापासून सकाळी शमीवनात पाऊल ठेवणारा विभावतीच्या मौनाला मान देऊन ऊन माथ्यावर येईपर्यंत बोलत नाही, आणि तिथली हरिणी माणसाला पाहून पळत नाही. श्रोतेहो, तुम्हीही एक सकाळ असे मौन धरा. आणि देवापुढे हात जोडाल तेव्हा मनातले पहिले मागणे दुसऱ्या कोणासाठी मागा. एवढे कराच.