निवडल्या मुठीची कहाणी

ऐका आयाबायांनो, मूठमाउलीची कहाणी ऐका. समुद्राकाठी एक आटपाट बंदर होतं. तिथं एक नाखवा होता. घरात बायको आनसाबाई, एकुलता मुलगा हरबा, त्याची बायको गोमती. दारात एकच गलबत, तेही जुनं.

एके वर्षी नाखवा दूरच्या बेटावरून आला. पानावर बसला, पण घास उतरेना. आनसाबाईनं विचारलं, "काय झालं?" नाखवा म्हणाला, "अगं, त्या मुलखात साथ आली, आईबाप गेले. लेकरं काठावर बसलीत, येईल त्या शिडाकडे बघतात. एक म्हातारी तेवढी त्यांना सांभाळते. कुठून घालणार खायला?"

दुसऱ्या दिवशी दारात एक सवाष्ण आली. आनसाबाईनं तिला पाट दिला, पाणी दिलं, लेकरांची गोष्ट सांगितली. सवाष्ण म्हणाली, "मी तुला वसा सांगते, पण तू उतशील, मातशील." "उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही." मग तिनं वसा सांगितला. "चूल पेटण्याआधी रोज एक मूठ तांदूळ काढावे. आपण खातो त्याच मडक्यातले काढावे. आपल्या लेकराच्या पानात वाढायचे तसे निवडावे. नारळी पौर्णिमेला गोणी शिवावी, पहिल्या गलबतानं धाडावी. खाणारा कोण, कुठला, कुणाचा, ते विचारू नये." एवढं बोलली नि दिसेनाशी झाली.

सगळ्या घरानं वसा घेतला. आनसाबाई मूठ काढी, गोमती निवडी, तांबड्या दोऱ्याचे तीन टाके घालून गोणी शिवी, बापलेक ती नेऊन पोचवीत. बेटावरची लेकरं जेवू लागली. मूठमाउली प्रसन्न झाली. एका गलबताची तीन गलबतं झाली, कौलारू घर झालं, घरात सुवासिक तांदूळ आला.

मग आनसाबाई मातली. पहिल्या वर्षी मूठ काढली, पण निवडू दिली नाही. दुसऱ्या वर्षी चांगला तांदूळ घरात ठेवला नि गोणीत न निवडलेली कणी भरली. तिसऱ्या वर्षी कोठाराची झाडलोट भरली. गोमती म्हणाली, "आत्याबाई, यात खडे आहेत." आनसाबाई म्हणाली, "असू देत गो. भुकेला कोंडा नि निजेला धोंडा. समुद्रापल्याड कोण बघायला बसलंय?" हसू नका बायांनो, देताना आपला हात असाच आखडतो.

त्याच वर्षी नाखव्याचे गुडघे धरले, म्हणून गोण्या घेऊन हरबा एकटा निघाला. वाटेत तुफान झालं. गलबत परत आलं नाही. बेटापर्यंत जायला नाखव्याचे गुडघे साथ देईनात; काठाकाठानं तीन बंदरं धुंडाळली, पत्ता लागला नाही. गोमतीनं कुंकू पुसलं नाही, रोज तुळशीपुढे दिवा लावी नि समुद्राकडे बघत बसे. आनसाबाईचं अन्न तुटलं.

मार्गशीर्षात एका परक्या गलबताचा तांडेल दारी आला. त्यानं फडक्याची गाठ सोडली. आत मूठभर कणी, कणीत खडे, नि गोणीचा एक तुकडा. तांडेल म्हणाला, "बेटावरच्या म्हातारीनं दिलंय. म्हणाली, एक बुडालेला माणूस काठाला लागलाय. तापानं फणफणलाय, बोलत नाही. गेल्या सालची हीच कणी त्याला शिजवून घालते. खडा लागून त्याचा दात पडला. दुसरं घरात काही नाही. ज्यांनी धाडली त्यांना दाखव."

आनसाबाईनं तुकडा पाहिला. त्यावर तांबडे तीन टाके. "कसा आहे रे तो? उंच आहे? सावळा आहे? कुणाचा..."

म्हणता म्हणता तिची जीभ अडखळली. वसा आठवला. तांडेल म्हणाला, "बाई, नुसती हाडं उरलीत. कुणाचाही असेल."

आनसाबाई ढसाढसा रडली. म्हणाली, "कुणाचाही असो. कुण्या आईचं लेकरूच आहे ना? नि मी त्याला खडे घातले!" मग उठली. घरचा सुवासिक तांदूळ अंगणात ओतला. एक दिवस निवडला, दोन दिवस निवडला, तीन दिवस निवडला. बोटं सोलली, तरी थांबली नाही. गोमतीनं तीन गोण्या शिवल्या. गुडघे दुखत होते तरी नाखवा गलबतावर चढला.

पौष गेला, माघ गेला. आनसाबाई रोज मूठ काढी नि म्हणे, "माउली, माझा असो की परका असो, तो जेवू दे."

शिमग्याला शीड दिसलं. गोमती अनवाणी धावली. गलबतातून नाखवा उतरला, मागून काठी टेकत हरबा उतरला. हसला, तर पुढचा एक दात नव्हता. आनसाबाईनं त्याच्या पायाशी डोकं टेकलं. "बाळा, ते खडे माझे होते." हरबानं तिला उठवलं. "ठाऊक आहे, आई. टाके ओळखले मी. पण बोलायला लाज वाटली."

घरी तिनं पाट मांडला, पान वाढलं. हरबानं भाताला हात लावला नाही. म्हणाला, "आई, त्यांची मूठ?"

"काढली बाळा," आनसाबाई म्हणाली. "तुझ्या पानाआधी काढली. निवडून काढली."

मग हरबा जेवला.

जशी मूठमाउली आनसाबाईला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. ज्याला आई नाही त्याच्या घासात खडा न येवो. सांगायला गेलं तर समुद्राएवढी, सांगितली ओंजळीएवढी, ही कहाणी सुफळ झाली, संपूर्ण झाली.