हातांची ठेवण

एकदा एका शिष्येने आपल्या वृद्ध गुरूंसमोर पिशवीतून तीन-चार कीबोर्ड काढून मांडले आणि विचारले, "सर, यांतला सगळ्यांत चांगला कोणता? तेवढं सांगा, म्हणजे मी सुटले."

शिष्येचे नाव हेमांगी शेंडगे. मिरजेत तांबोळी सरांच्या टायपिंग क्लासमध्ये ती टंकलेखन शिकली, त्याला बराच काळ लोटला होता. आता ती एका महाविद्यालयात काम करीत असे. ज्यांना ऐकू येत नाही अशा काही मुली तिथे शिकत होत्या. प्राध्यापक बोलू लागले की हेमांगी कोपऱ्यात बसून त्यांचे बोलणे भराभर टाइप करी, आणि ती अक्षरे त्याच क्षणी मुलींसमोरच्या पडद्यावर उमटत. तिची बोटे थांबली, की त्या मुलींपुरता वर्ग मुका होई.

आणि हल्ली बोटे थांबू लागली होती. मनगटे ठणकत, करंगळीला मुंग्या येत. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, व्यायाम सांगितले आणि कीबोर्ड बदलायला सांगितला. हेमांगीने इंटरनेटवर लोकांची मते वाचली आणि ज्याची स्तुती दिसेल तो मागवला. एक मधोमध उंटाच्या पाठीसारखा फुगलेला, एक दोन तुकड्यांचा, एक चकाकत्या दिव्यांचा. प्रत्येकावर ती जेमतेम एक दिवस बसे. गती घसरली की घाबरून पुन्हा जुन्या सपाट कीबोर्डकडे वळे. दुखणे वाढतच होते. हे काम सोडावे, असे तिने मनाशी जवळजवळ ठरवले होते.

सरांनी कीबोर्डांकडे पाहिलेही नाही. ते उचलून त्यांनी दिवाणावर ठेवले. मग कपाटातून कॅरमच्या पावडरीचा डबा आणला आणि जेवणाच्या टेबलावर हलक्या हाताने पावडर पसरली.

"अहो, आत्ताच पुसलं होतं मी ते टेबल!" स्वयंपाकघराच्या दारातून सरांच्या पत्नी जुबेदाबी म्हणाल्या.

"मीच पुसतो नंतर," सर हसले आणि हेमांगीकडे वळले. "बस. डोळे मीट. खांदे सैल सोड. आता दोन्ही हात उचल आणि दमलेलं माणूस टेकतं तसे खाली टेकव."

"सर, पण मला दुखण्यावर उपाय हवाय."

"टेकव, बेटा."

तिने हात टेकवले. सरांनी सांगितल्यावर उचलले आणि डोळे उघडले.

पावडरीत दोन पंजे उमटले होते, एकमेकांपासून चांगलेच दूर, खांद्यांइतक्या अंतरावर. बोटे आतल्या बाजूला किंचित कललेली. करंगळीकडची कड ठळक उठली होती. अंगठ्याकडची बाजू जेमतेम टेकलेली. सरांनी तिचा जुना कीबोर्ड त्या दोन पंजांच्या मधोमध ठेवला.

"आता यावर हात ठेव."

तिने ठेवले. कोपरे बरगड्यांना चिकटली, मनगटे बाहेरच्या बाजूला मुरडली, तळवे बळेच पालथे झाले. रोज तासन्‌तास ती अशीच बसत होती आणि आज पहिल्यांदाच तिला ते दिसत होते.

सर शांतपणे म्हणाले, "तू कीबोर्डांना विचारत फिरलीस की तुमच्यात चांगला कोण. हातांना विचारायचं राहून गेलं. दुखणं ही हातांची बोली असते, बेटा. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी तू एवढी राबतेस आणि स्वतःच्या मनगटांचं मात्र ऐकलं नाहीस. जो कीबोर्ड या खुणांपर्यंत चालत येईल तो तुझा. जो तुझ्या हातांना ओढत आपल्याकडे नेईल, तो कितीही नावाजलेला असो, दुसऱ्या कुणाचा तरी असेल."

हेमांगीने एकेक कीबोर्ड खुणांवर ठेवून पाहिला. उंटाच्या पाठीचा तिच्या पंजांना फार मोठा होता. दिव्यांचा तर जुन्याचाच भाऊ निघाला. दोन तुकड्यांचा मात्र दूर सारता आला, कलता करता आला, आतल्या कडेने थोडा उचलताही आला. हात त्यावर सहज विसावले. पण तिचा चेहरा खुलला नाही.

"सर, यावर माझी गती निम्मी होते. मुलींनी काय करायचं?"

"क्लासच्या पहिल्या आठवड्यात 'कमळ' लिहिताना तू घामाघूम व्हायचीस. मी कधी घाई केली?"

"नाही."

"मग तू का करतेस? मुलींना खरं काय ते सांग. आणि डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांतीही घे. कीबोर्ड म्हणजे काही औषध नव्हे."

सोमवारी प्राध्यापक येण्यापूर्वी हेमांगीने पडद्यावर लिहिले, "माझे हात दुखतात. नवा कीबोर्ड शिकते आहे. काही दिवस शब्द उशिरा येतील. चालेल ना?" लिहून झाल्यावर मान वर करायचा तिला धीर होईना.

पुढच्या बाकावरची यमुना उठून जवळ आली. तिने आपला मोबाइल पुढे धरला. त्यावर लिहिले होते, "ताई, आम्ही रोज तुमचे शब्द वाचले, पण तुम्ही कशा आहात हे कधी विचारलंच नाही. हळू चालेल. बंद नको."

हेमांगीने मग प्राध्यापकांनाही विनंती केली. दर दोन वाक्यांनंतर ते थोडे थांबू लागले. आणि त्यामुळे, ऐकू येणाऱ्या मुलांनाही विषय अधिक कळू लागला. मधल्या सुट्टीत ती हात मांडीवर सोडून स्वस्थ बसे. बोटांना कळांची नवी जागा सापडत गेली, मुंग्या कमी होत गेल्या. दुखणे पुरते गेले नव्हते, पण काम सोडण्याचा विचार कधी मागे पडला ते तिला आठवेना.

पुढे एके दिवशी शिकवता शिकवता प्राध्यापकांनी लग्नाच्या पंगतीतला एक गमतीचा किस्सा सांगितला. हेमांगीची बोटे चालत होती. शेवटचे वाक्य संपले आणि सारा वर्ग हसला. तिने पडद्यावरून नजर काढून समोर पाहिले. यमुना आणि तिच्या मैत्रिणीही त्याच क्षणी, सगळ्यांबरोबर, हसत होत्या.