लेटेस्ट साहेब

एका कारखान्यात पत्रा दाबायचं नवं यंत्र आलं. त्याच्या पडद्याचा, मोटरीचा आणि सुरक्षा-दाराचा असे तीन प्रोग्राम धायरकर साहेबांनी बसवले होते. तरी 'वर' बटण दाबलं की यंत्राचा जबडा खाली यायचा. यंत्र चालवणाऱ्या सुगंधा कुंभारची बोटं काल थोडक्यात वाचली. साहेब आले आणि न बघताच मॅनेजरांना म्हणाले, "चालवणारीची चूक. हिला यंत्रावरून काढा."

सुगंधा म्हणाली, "साहेब, पडद्याच्या हुकमांच्या यादीत सात नंबर म्हणजे 'वर'. मोटरीच्या यादीत सात म्हणजे 'खाली'. तुमचे प्रोग्राम एका वेळचे नाहीत."

"बाई, वाचता येतं ना? तिन्हींच्या नावापुढे 'लेटेस्ट' लिहिलंय."

मॅनेजरांनीही मान डोलावली. सुगंधा साहेबांकडे वळली.

"बरं. साहेब, एक घरचं विचारू? आमच्या भिंतीवर तीन कॅलेंडरं आहेत. तिन्हींवर 'नवीन वर्षाच्या शुभेच्छा' छापलंय, पण संकष्टी तिन्हींत वेगळी. उपास कधी धरू?"

साहेब हसले. "अहो, शुभेच्छा काय बघता? साल बघा की. दोन जुनी असणार."

"तेच म्हणते मी. आता या तीन लेटेस्टांचं साल सांगा."

साहेबांना लॅपटॉप उघडावाच लागला. मोटरीचा प्रोग्राम दोन वर्षांपूर्वीचा निघाला.

सुगंधा यंत्रावरच राहिली. साहेबांच्या फायलींवर आता तारखा असतात. पण ते फाटकात दिसले की कोणीतरी विचारतंच, "लेटेस्ट साहेब आले वाटतं. कुठल्या सालचे?"